सातव्या पिंपाचा खिळा

मी एक जुना खिळा आहे. बोटभर लांब, स्टीलचा. मित्रांनो, खिळा म्हटलं की तुम्हाला भिंतीवरचं कॅलेंडर आठवेल, नाहीतर खुर्चीवर फाटलेली विजार. माझं काम जरा निराळं आहे. मी ओकच्या लाकडाच्या एका पिंपाला समोरून ठोकलेला आहे, आणि त्या पिंपात आंबट लाल बिअर मुरते आहे. तुमच्यातल्या लहानांनी आज नुसती गोष्ट ऐकावी. चवीचं मोठेपणी बघू.

माझी बहुतेक भावंडं टेबल-खुर्च्यांत गेली. मला मात्र नाकसाहेबांनी निवडून घेतलं. ते बिअरच्या एका लहानशा कारखान्याचे मालक. नुसता पेला हुंगून ती बिअर कितव्या पिंपातली ते सांगायचे, म्हणून कामगारांनी त्यांना हे नाव दिलेलं. त्यांनी सात नंबरच्या पिंपाला बारीक भोक पाडलं आणि मला त्यात घट्ट बसवलं. चव बघायची असली की पक्कडीने मला ओढायचं, सुतासारखी धार पेल्यात घ्यायची आणि लगेच मला परत ठोकायचं, एवढंच माझं काम.

नाकसाहेबांची चव बघण्याची रीत मला पाठ आहे. पेला आधी खिडकीच्या उजेडात धरायचे. मग नाक आत घालून उगाच घाई न करता उभे राहायचे. पहिला घोट ते हिशेबात धरत नसत. "तो जिभेला सावध करायला," असं लेकीला सांगायचे. "दुसऱ्या घोटाला आंबटाच्या मागे कोण उभं आहे ते बघ." मागे कधी चेरी असे, कधी आलुबुखार, आणि सगळ्यांत शेवटी लाकडाचा तुरटपणा.

पण हे सगळं वर्षातून फक्त चार वेळा. बिअर जितकी बाहेर काढावी, तितकी तिची जागा हवा घेते, आणि फार हवा लागली की बिअरचं व्हिनेगर होतं. म्हणून मधले तीन-तीन महिने मला कुणी हात लावत नसे. सांडलेला थेंब माझ्याभोवती वाळायचा, त्याची काळी खपली धरायची, वर धूळ बसायची. इतर वस्तू दुर्लक्षाबद्दल रडतात. माझ्याकडे दुर्लक्ष झालं, तर समजावं की सगळं नीट चाललं आहे.

मग नाकसाहेबांना मोठा ताप आला. ताप उतरला, पण वास गेला तो कायमचाच. सातवं पिंप त्यांनी तापाच्या महिनाभर आधी नव्याने भरलं होतं. "ही माझ्या नाकाची शेवटची बिअर," असं ते म्हणाले, आणि पक्कड लेकीच्या हातात दिली.

तेव्हापासून ते रोज दुपारी यायचे, दाराजवळच्या स्टुलावर बसायचे आणि विचारायचे, "सातवं कसं चाललंय?" लेकीला वरवरचं उत्तर देववेना. म्हणून ती रोज सकाळी मला ओढू लागली. "बाबा, आज चेरी आली," असं सांगितलं की म्हाताऱ्याचा चेहरा उजळायचा. खरं सांगतो, मीही चढून गेलो होतो. जन्मात एवढा मान मिळाला नव्हता. मी आरशासारखा चकाकत होतो, आणि माझ्यामागे काय होतं आहे याचा मी विचारच केला नाही.

वर्ष होत आलं तेव्हा एका सकाळी घोट घेताच लेकीचा चेहरा पडला. दुपारी मात्र ती म्हणाली, "छान चाललंय, बाबा." दुसऱ्या दिवशीही तेच, तिसऱ्याही दिवशी तेच. चौथ्या दिवशी नाकसाहेब स्टुलावरून उठले आणि पिंपांवरून हात फिरवत निघाले. सहाव्याच्या खिळ्यावर त्यांच्या अंगठ्याला खपली लागली. माझ्यावरून अंगठा घसरला.

"हा किती वेळा काढलास?"

त्यांनी लेकीकडून पक्कड घेतली आणि स्वतःच धार धरली. वास गेला तरी जिभेला आंबट कळतं, मित्रांनो, आणि घशाला तिखटपणाही.

"घशाला टोचतंय," ते म्हणाले. "व्हिनेगर व्हायला लागलंय."

"तुम्ही रोज विचारायचात," लेक म्हणाली. "तुम्हाला खोटं कसं सांगू? म्हणून रोज बघायची. आणि शेवटी खोटंच सांगितलं."

ते तिथेच जमिनीवर बसले आणि म्हणाले, "म्हणजे विचारून विचारून मीच नासवलं की गं."

"ओतून टाकायचं का?"

"छे! तिसऱ्या पिंपातली कोवळी, कमी मुरलेली बिअर आण, मिसळून बघू. आंबट मी बघतो, बाकीचं तू सांग."

ती सबंध दुपार दोघं मिसळत बसली. जुनीचा एक वाटा, कोवळीचे तीन. टोचलं. मग चार. पाचाला मात्र लेकीने दुसरा घोट तोंडात धरून डोळे मिटले, आणि गिळल्यावर सावकाश बोलू लागली. "आधी चेरी. मग आलुबुखार, जास्त पिकलेला. आता लाकूड... जिभेच्या कडा कोरड्या पडतायत. आणि अगदी शेवटी गोड, थोडंसंच." तिचं बोलणं संपेपर्यंत नाकसाहेबांनी आपला घोट गिळला नाही. मग त्यांचे डोळे भरून आले.

"आलं," ते म्हणाले. "तू म्हणालीस तसं आलं."

दरवर्षी सातव्यातली थोडीच काढायची आणि कोवळीत मिसळायची, असं ठरलं. हवेला जागा उरू नये म्हणून कोवळी ओतून पिंप काठोकाठ भरलं. मला त्यांनी स्वतः ठोकलं, तीन घाव. त्यानंतरही ते रोज येऊन बसत. ओठ हलायचे, पण प्रश्न ते गिळून टाकायचे. किती जड जात होतं ते मी समोरून बघत होतो. पुढच्या मिसळणीपर्यंत ते राहिले नाहीत.

मित्रांनो, तुमची भांडी घासा, खिडक्या पुसा, सायकलीला तेल द्या. माझ्यावरची खपली मात्र राहू द्या. काही गोष्टींची काळजी हात मागे घेऊनच घ्यावी लागते.

लेक अजून रोज दुपारी येते. रिकाम्या स्टुलाकडे एकदा बघते. मग माझ्या खपलीवर अंगठा ठेवून हळूच विचारते, "सातवं कसं चाललंय?" आणि पेले धुवायला निघून जाते. पक्कड भिंतीवर टांगलेलीच असते.