धागा तुटला की थांबायचं

पहिले बँडचं सांगतो, म्हणजे मंग बाकीचं समजन.

आमच्या बँडचं नाव सत्तेचाळीस डिग्री. अकोल्यात पारा तिथवर गेला होता त्या दिवशी आमी पहिल्यांदा एका खोलीत सोबत वाजवलं. लाइन गेली होती, पंखा बंद, तरी कोणी उठलं नाही. म्हणून ते नाव. तिघं जण आहोत. इशिता गाते अन गिटार वाजवते. तिचे बाबा वकील, ती बी वकिलीच शिकून राहिली, त्यामुळं भांडणात तिच्यासमोर कोणी टिकत नाही. कुंदन ड्रमवर. तो बार्शीटाकळीचा. अन मी ललित, मी बेस वाजवतो.

बेस म्हणजे चार जाड तारांची गिटार. तिचा आवाज गाण्याच्या खालून चालते. लोकांले तो वेगळा ऐकू येत नाही. नसला तर काहीतरी कमी आहे असं वाटते, अन बऱ्याच जणांले ते बी वाटत नाही. कोणत्या क्लासले गेलो नाही मी. मोबाइलवर पाहून शिकलो, घरी, अमरावतीत नवसारीले, मायच्या खाटीच्या बाजूले फरशीवर बसून, छोटा स्पीकर बी फरशीवरच.

या वर्षी आमचा अल्बम आला. नाव 'दुसरी पाळी'. आठ गाणी. त्याच्यासाठी चार ठिकाणं ठरवली. परतवाडा, बार्शीटाकळी, अकोला, अन शेवटी अमरावती. आमी त्याले टूर म्हणतो. देवमनभाऊ म्हणते, "चार लग्नं." साउंड त्याचा, अन सगळं सामान वाहून नेणारा छोटा हत्ती टेम्पो बी त्याचाच. वीस वर्षं लग्नातच वाजवलं त्यानं.

आता माय.

माही माय इंदूबाई नांदगाव पेठले एका कापडाच्या कंपनीत लूमवर आहे. बारा वर्षं झाली. जास्त करून दुसरी पाळी, दुपारी तीनची. त्या खात्यात मशिनींचा असा खटखटाट असते की बाजूच्या बाईनं कानात बोंब मारली तरी समजत नाही. म्हणून तिथल्या बाया ओठ पाहतात अन हातानं बोलतात. दोन बोटांची टोकं जोडून सोडली, धागा तुटला, मशीन थांबव. बोट हवेत गोल फिरवलं, चालू दे. तळहात खाली दाबला, हळू. डोक्यावर हात ठेवला, साहेब आला. माय अन तिची मैत्रीण बेबीताई रस्त्याच्या दोन बाजूले उभ्या राहून अशा अर्धा अर्धा तास बोलतात. एकदा भाजीवाल्यानं मले हळूच विचारलं होतं, या दोघी मुक्या आहेत का म्हणून.

स्टेजवर बी आमचे तेच हाल. ड्रम सुरू झाले की एकमेकांचं ऐकू येत नाही. इशितानं मायकडून हे सगळे हात शिकून घेतले अन आमाले शिकवले. आता आमी गाण्याच्या मधातच बोलतो. डोक्यावर हात म्हणजे आयोजक आला, नीट उभे राहा. अन धागा तुटला म्हणजे थांबायचं. हा इशिताचा कायदा.

"कोणी बी केलं तरी थांबायचं," ती म्हणे. "काहून केलं ते मंग विचारायचं. भांडण बी मंगच."

अल्बमच्या नावाचं जे गाणं आहे ते मायवर आहे. मीच लिहिलं. तिले सांगतलं नव्हतं. अल्बम आला त्या दिवशी सकाळी मी तिच्या कानात इअरफोन घातले, मोबाइल माह्या हातात धरला अन समोर बसलो. ती मान हलवून राहिली होती. मधातच कुंदनचा फोन आला. मी कट केला. त्याच्यानं गाणं बंद पडलं, ते बंदच राहिलं, स्क्रीनवर मले दिसून राहिलं होतं.

माय मान हलवतच होती.

चांगला एक मिनिट. मंग तिनं इअरफोन काढले अन म्हणाली, "मस्त झालं रे बाप्पा."

मी मान डोलावून हाव म्हटलं. बाथरूममध्ये गेलो अन नळ पूर्ण सोडला.

त्याच्या मंग मी पाहू लागलो. मांगून आवाज दिला की ती वळत नाही. तोंड दिसलं की बरोबर उत्तर देते. कुकरची शिट्टी ती ऐकत नाही, वाफ पाहते. कितीक दिवसांपासून हे असं असन, अन मी त्याच घरात राहतो. ती माहे ओठ वाचून माह्याशी बोलून राहिली होती.

बेबीताईले विचारलं तर ती म्हणे, "तिले ठाऊक आहे. मले बी ठाऊक आहे. तुलेच नव्हतं. अन कंपनीत बोलू नको बाप्पा, लूमवरून काढून झाडायले लावतीन तिले."

परतवाड्याले जाताना गाडीत मी इशिताले सांगतलं. देवमनभाऊ चालवून राहिला होता, आमी दोघं समोर, कुंदन मांगं ड्रम धरून.

"विचारून टाक तिले सरळ," इशिता म्हणाली.

"विचारून काय होईन. ती म्हणन, येते ऐकू."

"मंग तुले पाहिजे काय नेमकं?"

"ते एक गाणं तिनं ऐकावं. एकदा. बस."

इशिताले बी काही उपाय दिसला नाही.

देवमनभाऊ म्हणे, "आवाज मी वाढवू शकतो. पण ही बाई वाढवू देत नाही."

"तुमी बेसच वाढवता भाऊ. शब्द समजत नाही लोकांले."

"बेस नसन तर नवरदेव घोड्यावरून उतरत नाही मॅडम."

"आपल्याकडे नवरदेव नाही."

"तोच तर प्रॉब्लेम आहे तुमच्या धंद्यात."

परतवाड्याले शंभरेक लोकं होते, त्यातले वीस जण बसची वाट पाहणारे. बार्शीटाकळीले कुंदनच्या आत्यानं पुढच्या रांगेत बसून पूर्ण वेळ भाच्याकडं पाहत भुईमुगाच्या शेंगा सोलल्या, अन शेवटी सगळे दाणे आमाले दिले. दोन्ही ठिकाणी 'दुसरी पाळी' वाजवलं. चांगलं झालं. मले काही चांगलं वाटलं नाही.

अमरावतीचा कार्यक्रम बुधवारी होता, म्हणजे तेव्हा माय पाळीवरच असणार. अकोला रविवारी होतं, तिच्या सुट्टीले. मी तिच्या समोर बसून म्हटलं, "माय, अकोल्याले ये."

"मी काय करू तिथी? पोट्ट्यायचं असते ते."

"बसजो नुसती."

"कपडे पडले धुवायचे."

मले आता समजत होतं ती काहून नाही म्हणते. गर्दीत कोणी बोललं अन तिले समजलं नाही तर. त्याचं भेव. शेवटी बेबीताईनंच सोडवलं. तिची पोरगी अकोल्यात दिली आहे. "मले जायचंच आहे," ती म्हणे, "एकटीनं बसमध्ये उलटी होते मले. चाल सोबत." तिले कधी उलटी होत नाही.

अकोल्याची जागा म्हणजे जठारपेठेकडं एक लग्नाचं लॉन. आदल्या दिवशीचं लग्न तसंच पडलं होतं. खुर्च्यांले गुलाबी फिती, मांगं थर्मोकोलची दोन नावं. कुंदन म्हणे राहू द्या, कोणाचं तरी शुभ होईन. सहाले सुरू केलं. दोनेकशे पोट्टे-पोट्ट्या. माय अन बेबीताई एकदम शेवटच्या रांगेत, माय पदर सावरून, पर्स मांडीवर, जशी काही नंबर लागायची वाट पाहून राहिली.

तिसऱ्या गाण्याले पाहतो तर तिथी बेबीताई एकटी.

माय दिसली स्टेजच्या उजव्या बाजूले, देवमनभाऊजवळ. त्यानं आपला स्टूल तिले दिला होता. बाजूलेच त्याचा बेसचा मोठा डबा, कपाटाएवढा, लग्नात ज्याच्यासमोर पोट्टे नाचतात तो. तिनं डब्यावर हात ठेवला होता. मले वाटलं दमली, आधार घेऊन राहिली.

मंग 'दुसरी पाळी' आलं.

त्या गाण्यात मी गात नाही. मले गाता येत नाही. पण त्या दिवशी मनात आलं, कानानं नाही तर ओठानं तर ती वाचू शकते. इशिता मधात उभी, माइक तोंडासमोर, तिचे ओठ मायले दिसणार नाही. माहे दिसतीन. म्हणून मी वाजवत वाजवत उजवीकडं सरकू लागलो, स्टेजच्या टोकापर्यंत, अन मायकडं तोंड करून एक एक शब्द मोठ्यानं म्हणू लागलो. आवाज न काढता, नुसतं तोंड. लोकांले मी बह्याड दिसलो असन. डबा भरला, चप्पल घातली, दोनची गाडी. सगळं म्हणून राहिलो होतो.

मायनं माह्याकडं पाहिलं. मंग बेसच्या डब्याकडं पाहिलं. हात डब्यावरून उचलला, परत ठेवला. अन मंग दोन्ही हात वर केले, अन बोटांची टोकं जोडून सोडली.

धागा तुटला.

मले वाटलं बेबीताईले काही सांगून राहिली. पण कुंदनची नजर तिच्यावर गेली होती. कायदा म्हणजे कायदा. ड्रम थांबले. इशिता दोन शब्द एकटीच पुढं गेली अन थांबली. लॉन चूप. कोणीतरी मांगून शिट्टी मारली.

"काय झालं?" इशितानं माइकवरच विचारलं.

"काकूनं थांबवलं," कुंदन म्हणे.

लोकं हसले. मले वाटलं, तिले काहीच समजत नाही अन तिनं भर कार्यक्रमात असं करावं. खोटं काहून बोलू, मले त्या क्षणी मायचा राग आला. काय करावं समजेना म्हणून तारेवर अंगठा मारला.

काहीच आवाज नाही.

परत मारला. नाही. खाली पाहिलं. माही वायर दहा फुटांची. मी तिच्याकडं सरकत सरकत वायर ताणली होती, अन पिन बेसमधून अर्धी बाहेर आली होती. कधीपासून, देवाले माहीत. ड्रमच्या आवाजात मले समजलं नाही. कुंदनले नाही, इशिताले नाही. देवमनभाऊ साउंडच्या बोर्डसमोरच उभा होता, त्याले बी नाही. दोनशे लोकांतून एकाले बी नाही.

मी पिन दाबली. तार वाजवली. देवमनभाऊचा डबा घुमला.

मायनं हात डब्यावर ठेवला. थोडा वेळ तसाच. मंग दुसऱ्या हाताचं बोट हवेत गोल फिरवलं.

"कोठून घ्यायचं?" कुंदननं विचारलं.

"पहिल्यापासून," मी म्हटलं, अन मांगं सरकून आपल्या जागेवर गेलो.

यावेळी मी जागेवरून हललो नाही. तोंडानं काही म्हटलं नाही. नुसतं वाजवलं. इशितानं एकदा माह्याकडं पाहिलं, मंग देवमनभाऊकडं, अन तळहात वर उचलला. बेस वाढवा. वीस वर्षांत त्याले हे कोणी सांगतलं नसन. त्यानं वाढवला.

कार्यक्रम झाल्यावर माय स्टुलावरच बसून होती. मी समोर जाऊन बसलो, तोंड दिसन असं.

"कवापासून ऐकू येत नाही तुले?"

"येते ना."

"माय."

तिनं पर्सची चेन लावली, उघडली. "बारीक नाही येत. शब्द नाही येत. त्या पोरीचं गाणं तर बिलकुल नाही. तुहं येते. घरी बी येते. फरशीतून खाटीत येते. वर्षभर तेच ऐकत झोपली मी."

"मंग त्या दिवशी मस्त झालं काहून म्हटलं?"

"तू इतक्या आशेनं पाहून राहिला होता." मंग म्हणाली, "तुले समजलं हे मले त्याच दिवशी समजलं. नळ सोडून बसला ना तू. टाकीतलं सगळं पाणी गेलं. मी धुणं कशात धुतलं असन?"

बेबीताई मांगं उभी होती. ती दुसरीकडं पाहून हसली.

"मंगळवारी सकाळी कान दाखवू," मी म्हटलं.

"दाखवू. कंपनीत नको सांगू."

"नाही सांगत."

"अन ते गाणं कशावर आहे रे?"

"तुह्यावर."

तिनं माहे ओठ परत पाहिले, बरोबर वाचले का म्हणून. मी परत म्हटलं. "तुह्यावर. डबा, चप्पल, दोनची गाडी." बाजूच्या खुर्चीची एक गुलाबी फीत सुटली होती, ती तिनं परत नीट बांधली.

बसस्टँडवर त्या दोघींले अमरावतीच्या गाडीत बसवलं. मायले खिडकी भेटली, काच बंद. बाहेर इतके हॉर्न की बोलायचा प्रश्नच नव्हता. तिनं काचेतून तळहात खाली दाबला. हळू.

मी हातानंच विचारलं, काय हळू?

तिनं मांडीवर बोटं वाजवून दाखवली. चार ठोके, मंग तीन घाईनं. 'दुसरी पाळी'तली शेवटची जागा होती ती, कडव्यानंतरची. मी तिथी दर वेळेस घाई करतो. वर्षभर करतो. हे मले आजवर कोणी सांगतलं नव्हतं. तिनं परत तळहात दाबला, हळू, अन गाडी निघाली.

बुधवारी अमरावतीले वाजवलं. हॉल भरला होता. माय पाळीवर होती. त्या जागी मी आलो, चार ठोके दिले, अन मंग हळू गेलो, ती म्हणाली तेवढा.

मांगून कुंदन ओरडला, "झोपला का बे?"

मी वळून बोट गोल फिरवलं.