सहावा खांदा

लाक्लनला ट्रॅक्टरवर घालू या, असं तॉर्किल म्हणाला आणि माझं डोकंच फिरलं.

माझा सख्खा भाऊ. इस्पितळात माझा हात धरून म्हणाला होता, "पेगी, मला खांद्यावरूनच ने हं मठातल्या दफनभूमीत. ट्रॅक्टरवर मेंढ्यांचं खाद्य नेतात." मी शब्द दिला होता. आणि आता बोटीतून आलेली त्याची शवपेटी धक्क्यावर ठेवलेली, सहा खांदे हवेत, आणि बेटावर खांदा देता येईल असे पुरुष उरलेत तॉर्किल धरून पाच. बाकीचे घरं विकून ग्लासगोला गेले. जा म्हणावं!

तेवढ्यात मठ बघायला येणाऱ्यांची बोट लागली. माझ्या जिवात जीव आला. आमच्याकडे प्रेतयात्रा वाटेत भेटली की परका माणूससुद्धा मागे फिरतो, थोडं अंतर खांदा देतो. ह्यांनी काय केलं? टोप्यासुद्धा काढल्या नाहीत. फोन काढले!

"अहो लाल जाकीटवाले," मी ओरडले, "एवढे उंचेपुरे, आणि नुसते बघत काय उभे? खांदा द्या!"

"बाई, आमची परतीची बोट तीनला आहे. मठ बघायचा राहील."

"आठशे वर्षं उभा आहे तो! आजच पळून जाणार आहे का?"

तो गेला. सगळेच गेले, पेटीला वळसा घालून.

"पेगी, तमाशा पुरे," तॉर्किल म्हणाला. चुलतभाऊ माझा, चर्चचा मोठा कारभारी. "ट्रॅक्टर आणतो."

"आण तर खरं, मग बघते!" मी शाल भिरकावली आणि पेटीच्या मागच्या कोपऱ्याला जाऊन उभी राहिले.

"बायका हात लावत नाहीत. मठाच्या फाटकाशी थांबायचं आणि घरी जाऊन चहा ठेवायचा."

"चहा तू ठेव!"

उचलली. मागे एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला तॉर्किल. मी सगळ्यांत बुटकी, त्यामुळे पेटी माझ्याकडे कलली आणि आत लाक्लन सरकलेला मला खांद्याला कळला. रडू आलं, पण रागाचं.

चढ संपला, मठाचं फाटक आलं. आता तॉर्किल थांब म्हणेल, म्हणून मी उत्तर तयारच ठेवलं होतं.

तो थेट फाटकातून आत शिरला. आणि पेटी सरळ झाली. मी तिरकं बघितलं, तर तो म्हातारा दुखऱ्या गुडघ्यांत वाकून, माझ्या उंचीचा होऊन चालत होता.

"बघतेस काय," तो खेकसला, "पाऊल जुळव."