सासूबाईंनी बांधलेला पाय

माझी बायको जिस्बे म्हणते, मी छपरावरून माकडासारखा पडलो. सासरे म्हणतात, पिकल्या पपईसारखा. सासूबाईंचं मत नाही, कारण त्यांनी मला पडताना पाहिलेलंच नाही. म्हणजे त्या बरोब्बर खाली कापडावर नक्षी भरत बसल्या होत्या आणि मी त्यांच्यापासून हातभर अंतरावर आदळलो. पण पाहिलेलं नाही.

आमच्यात सासूनं जावयाकडे बघायचं नसतं. बोलायचं तर मुळीच नसतं. लग्न करून मी त्यांच्या घरी राहायला आलो, तीन पोरं झाली, एक डोंगी कुजली, दुसरी कोरली, आणि एवढ्या काळात आमच्यात एका शब्दाची देवाणघेवाण नाही. सुखाचा संसार.

"जिस्बे," सुई न थांबवता त्या म्हणाल्या, "छपरावरून काहीतरी पडलंय."

*

गुडघ्याखाली मोडलं होतं. आता अडचण अशी, की नदीच्या या वळणापासून त्या वळणापर्यंत हाड बसवणारं माणूस एकच. रेशिन. म्हणजे सासूबाई. लांबून लांबून लोक मोडलेले हात झोळीत घालून तिच्याकडे येतात आणि महिन्याभरानं त्याच हातानं वल्हं मारत परत जातात. तिच्या घरातच मोडून घ्यायला नशीब लागतं, असं सगळे मला म्हणाले. मी तेव्हा शिव्या देत होतो.

दुसरी अडचण जरा मोठी. आमच्याकडे जावई सासऱ्याच्या घरी राहतो तो फुकट नव्हे. डोंगीत उभं राहून जाळं टाकायचं, मासा आणायचा. वाकड्या पायावर डोंगीत उभं राहता येत नाही. डोंगी अरुंद आणि नदीला दया नाही. आणि मासा न आणणाऱ्या जावयाला माझे सासरे अर्तेमियो 'पाहुणा' म्हणतात. थोरल्या मेहुणीचा नवरा असाच पाहुणा झाला आणि एका सकाळी आपल्या आईकडे परत गेला. त्याचं तर काही मोडलंही नव्हतं, नुसता आळस होता.

तेव्हा पाय सरळ बसणं भाग होतं. नाहीतर जिस्बे, पोरं, घर, सगळं इथेच, आणि मी आईकडे.

*

"त्याला विचार कुठे दुखतंय."

"कुठे दुखतंय रे?"

"पायात!"

"आई, पायात म्हणतो."

"ते मला दिसतंय. पायात कुठे?"

"पायात कुठे?"

"तुझ्या आईनं आत्ता दाबलं ना, तिथे!"

"आई, तू दाबलंस तिथे."

"त्याला सांग ओरडू नको. कोंबड्या बिचकतात."

"ओरडू नकोस."

"ऐकलं मी!"

"आई, तो म्हणतो त्यानं ऐकलं."

"त्यानं कसं ऐकलं? मी त्याच्याशी बोलत नव्हते!"

जिस्बेनं कपाळाला हात लावला.

*

रेनाकियाची वेल झाडाला अशी मिठी मारते की झाड गुदमरतं, पण मोडत नाही. तिचीच साल सासूबाई ठेचतात, मडक्यात घोटून घोटून काळा लेप करतात, आणि सोसवेल त्याहून जरा जास्त गरम असतानाच हाडावर थापतात. वर पानं, पानांवर कामट्या, कामट्यांवर साल सोलून केलेली दोरी. वेल झाडाला धरते तशी हाडालाही धरते. फक्त तिची एक न दिसणारी मालकीण असते, प्रत्येक वेलीची असते, आणि ही मालकीण नव्या सवतीसारखी संशयी. तिला मिठाचा वास चालत नाही, मिरचीचा नाही, डुकराचा नाही, साखरेचा नाही, मसातोच्या दारूचा तर नाहीच, आणि बायकोचा अजिबात नाही. पथ्य मोडलं की ती रुसते आणि हाड सोडून देते.

म्हणून मी कोपऱ्यात एकटा, समोर उकडलेलं हिरवं केळं आणि उकडलेला मासा. त्या जेवणाला चव होती असं म्हणणारा माणूस खोटारडा तरी असेल नाहीतर मेलेला तरी.

मी पथ्य मोडलं नाही. हे इथेच सांगून ठेवतो, कारण पुढे माझ्यावर विश्वास ठेवणारं कुणी भेटणार नाही.

*

माझा मासा बंद झाला, शेजारी देत तो पोटापुरताच; तेव्हा जिस्बे नक्षीची कापडं घेऊन पुकाल्पा शहरात विकायला गेली. पोरांनाही नेलं. आमच्यातला निरोप्याच गेला. घरात उरलो मी, सासरे आणि सासूबाई. सासरे दिवसभर वल्ही तासत. लेप रोज बदलायचा.

पहिल्या दिवशी सासूबाई गप्प बसून लेप सोडत होत्या. मीही गप्प. शेवटी त्यांना राहवलं नाही.

"काय रे पाया," त्या म्हणाल्या. "दुखतोयस का?"

मी इकडेतिकडे पाहिलं. खरंच पायाला विचारत होत्या. पाय काही त्यांचा जावई नव्हता.

"पाय म्हणतो, थोडा," मी छताला सांगितलं.

"पायाला सांग, उद्या कमी दुखेल." हे त्यांनी मडक्याला सांगितलं.

तिसऱ्या दिवसापर्यंत पाय घरातला सगळ्यात मानाचा माणूस झाला होता.

"पाया, तुझा मालक जाळं कसं टाकतो ठाऊक आहे? ओली चादर वाळत घालावी तसं. मासे हसत हसत बाजूनं जातात."

"पाय म्हणतो, मालकाच्या सासूनं माशाचं कालवण केलं तर ते मासेही हसतात."

"पाया, तुझ्या मालकाची आई काय त्याला चिखल भरवायची?"

"पाय म्हणतो, चिखलाला निदान मीठ असतं."

आणि सासूबाई हसल्या. तोंड फिरवून, हाताआड, पण हसल्या. मी त्यांना हसताना पहिल्यांदाच ऐकत होतो. इतकी वर्षं एका छपराखाली काढली आणि या बाईची जीभ एवढी धारदार आहे हे कळायला माझं हाड मोडावं लागलं. मग रोज सकाळी मी लेपाची वाट बघायला लागलो. दुखणं असलं तरी.

*

सूज उतरली आणि सासऱ्यांनी मला काखेत हात घालून उभं केलं. नाक नदीकडे, छाती नदीकडे, गुडघा नदीकडे.

पाऊल मात्र अंगणाकडे.

"अरे वा," सासरे म्हणाले. "दोन्हीकडे जाणारा जावई."

मला हसू आलं नाही. मी डोंगीत उभा आहे असं मनात आणून पाहिलं. मनातसुद्धा पाण्यात पडलो.

सासूबाईंनी पाऊल पाहिलं, कपाळाला आठ्या घातल्या आणि पायाला विचारलं, "तुझ्या मालकानं मीठ खाल्लं?"

"पाय म्हणतो, नाही."

"मिरची?"

"नाही."

"बाई?"

"बाई पुकाल्पाला आहे!"

"मी पायाला विचारतेय. आणि मी 'बायको' म्हटलं नाही, 'बाई' म्हटलं."

"नाही! पाय म्हणतो, वेलीच्या मालकिणीची शपथ, नाही!"

सासूबाईंनी माझी चटई झटकली. गाडगी हुंगली. माझी बोटं हुंगली, मान पार खांद्याकडे वळवून. मग सासऱ्यांची पाळी आली. सासऱ्यांनी मसातो प्यायल्याचं कबूल केलं, डुक्कर खाल्ल्याचं कबूल केलं, शेजारच्या विधवेला वल्हं फुकट तासून दिल्याचंही, कुणी विचारलेलं नसताना, कबूल केलं.

"पण माझा पाय मोडलेला नाही," ते म्हणाले. "मी का पथ्य करू?"

"पथ्य कुणीतरी मोडलंय. मालकीण उगाच हाड सोडत नाही. आजवर माझ्या हातून एक हाड वाकडं गेलेलं नाही."

"म्हातारे, एक विचारू?"

"नको."

"बांधताना बघत कुठे होतीस?"

"कुठे म्हणजे? याच्याकडे बघणार होते का? लाज आहे मला. कोंबड्यांकडे बघत होते."

सासऱ्यांनी वल्ह्यावरचा भुसा फुंकला. "मग पाऊलही कोंबड्यांकडेच बघणार ना."

अंगणात कोंबड्या टिपत होत्या. तिघांनी कोंबड्यांकडे पाहिलं. मग पावलाकडे. रेघ मारल्यासारखं सरळ.

हाड बसवायची सासूबाईंची रीत साऱ्या नदीला ठाऊक आहे. अंगठा, गुडघा, नाक, तिन्ही दोरी धरल्यासारखी एका रेषेत. आलेल्या प्रत्येकाचं नाक त्या निरखून बघतात. परक्यांचं, शत्रूचं, पाद्र्याचं. माझं सोडून.

सासूबाई उठून नदीवर गेल्या आणि मडकं घासत बसल्या. मडकं आधीच स्वच्छ होतं.

*

"हाड अजून कच्चं आहे," परत आल्यावर त्या पायाला म्हणाल्या. "मऊ करून परत बसवता येईल. थांबलं तर नाही."

काही दिवस नुसता गरम लेपांचा मारा. मग ती सकाळ. सासऱ्यांनी माझे खांदे धरले. सासूबाईंनी टाच धरली, आणि गुडघ्यापर्यंत येऊन नजर अडली.

"ए म्हाताऱ्या, तू याच्या डोक्याशी झोप. तुझं नाक बघून बसवते."

"माझं नाक डावीकडे गेलंय. तरुणपणी वल्हं लागलं होतं. पोराला आयुष्यभर गोल फिरायला लावशील."

मग सासूबाईंनी माझ्या नाकाच्या शेंड्याला नक्षीचा दोरा बांधून तो पायापर्यंत ताणायला लावला, म्हणजे नुसता दोरा बघता येईल, नाक नाही. सासऱ्यांनी बांधला. मी शिंकलो. परत बांधला. टाचेला नुसता हात लागला आणि मी असा किंचाळलो की दोरा गेला तो गेलाच.

टाच अजून सासूबाईंच्या तळव्यात होती. मला वाटलं, आता ती सोडून देणार. सोडून दिलं असतं तरी गावात तिला कुणी नावं ठेवली नसती. उलट मर्यादेची बाई म्हटलं असतं, आणि मला पाहुणा.

तिनं मान वर केली. आधी गुडघा, मग पोट, मग छाती. मग सरळ माझ्या तोंडाकडे पाहिलं. माझ्या डोळ्यांत.

तिचे डोळे मी पहिल्यांदाच पाहत होतो. बारीक, तपकिरी, जरा तिरळे. ती माझ्या कपाळाकडे बघत राहिली, कानशिलांकडे, तोंडाभोवतीच्या सुरकुत्यांकडे. तिनं मला शेवटचं बघितलं ते लग्नाआधी, मिसरूडसुद्धा फुटलं नव्हतं तेव्हा.

"अगबाई," ती म्हणाली. पायाला नाही. मडक्याला नाही. "तेओफिलो, तू तर म्हातारा झालास रे."

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं. काय देणार होतो कोण जाणे, पण सगळं अंग त्या उत्तरात गेलं, पायात कोणीच राहिलं नाही. आणि तिनं खेचलं.

कट्‌.

सासूबाईंशी माझं पहिलं बोलणं झालं ते असं, की पलीकडच्या काठावरचे बगळे उडाले.

*

लेप, पानं, कामट्या. पुन्हा केळं, पुन्हा मासा, पुन्हा पायाशी भांडणं. ज्या दिवशी तिनं दोरी सोडली, त्या दिवशी मी काठी टाकली, डोंगीत पाय ठेवला आणि उभा राहिलो. डोंगी हलली. पाय हलला नाही. मी जाळं फेकलं.

काठावरून सासूबाईंनी ते पाहिलं, आणि शेजारी उभ्या सासऱ्यांना, मला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं, सांगितलं की पाय तिनं दुरुस्त केलाय, हातांचं काही होण्यासारखं नाही.