हार्लन इथेही येऊन गेला

माझी थोरली बहीण वर्ना हिने अडुसष्टाव्या वर्षी दुसरं लग्न केलं, तेव्हा गावात कुणी नाक मुरडलं नाही. उलट सगळे म्हणाले, बरं झालं, एल्मरचं एकदाचं झालं.

एल्मर थोरसनचं आमच्या गावात लोखंडी सामानाचं दुकान होतं. खिळे, कुलपं, रंग, बर्फ उपसायची फावडी. दुकानाच्या माडीवर त्याची आई राहायची आणि तिला एकटं राहायची भीती वाटायची. त्यामुळे एल्मर सत्तरीपर्यंत बिनलग्नाचा राहिला. आमच्या मिनेसोटा राज्याच्या बाहेर तो दोनदाच गेला होता. दोन्ही वेळा शेजारच्या विस्कॉन्सिनमध्ये, आणि दोन्ही वेळा मयताला. पण गल्ल्यामागच्या भिंतीवर त्याने जुन्या कॅलेंडरांची चित्रं चिकटवून ठेवली होती. समुद्रातला स्वातंत्र्याचा पुतळा, डोंगरात कोरलेली चार राष्ट्राध्यक्षांची तोंडं, सॅन फ्रान्सिस्कोचा तांबडा पूल. गिऱ्हाईक समोर उभं राहून खोकायचं आणि हा आपला चित्रांकडे बघत.

आई गेली, त्याने दुकान विकलं, आणि चर्चमधल्या शुक्रवारच्या मासळीच्या जेवणात त्याची नि वर्नाची गाठ पडली. वर्नाचा पहिला नवरा हार्लन जाऊन तेव्हा सहा वर्षं झाली होती. हार्लन विम्याचा एजंट. मोठ्या आवाजाचा, हसरा, जाईल तिथे दोन मित्र करून येणारा. एल्मर त्याच्या अगदी उलट. विचारल्याशिवाय बोलायचा नाही, आणि विचारलं तरी आधी चष्मा पुसायचा.

लग्नाच्या दिवशी त्याने वर्नाच्या हातात एक पाकीट ठेवलं. आत सहलीची तिकिटं. न्यूयॉर्कपासून सॅन फ्रान्सिस्कोपर्यंत, बसने, अख्खा देश.

वर्नाने मला ओढत स्वयंपाकघरात नेलं.

"लोइस, मेले मी," ती म्हणाली. "हीच सहल मी हार्लनबरोबर केली आहे. अगदी हीच."

"मग सांगून टाक त्याला."

"त्याचं तोंड बघितलंस का तू? नाताळच्या सकाळी पोरांचं होतं तसं झालंय. कोणत्या तोंडाने सांगू?"

"आज नाही सांगितलंस तर पुढे जड जाईल."

"बघू," ती म्हणाली. वर्ना बघू म्हणाली की ती काही करत नाही, हे मला लहानपणापासून ठाऊक आहे.

पुढचं मला दोघांनी वेगवेगळं सांगितलं. बाकी सगळं जुळतं. फक्त कोण जास्त ओरडलं यावर अजून वाद आहे.

न्यूयॉर्कला पुतळ्याकडे जाणाऱ्या बोटीत चढल्या चढल्या वर्ना म्हणाली, "उजव्या बाजूला बस. तिथून नीट दिसतो." एल्मरला वाटलं, आपली बायको किती हुशार. शिकागोला जाड पिझ्झा मागवताना तिने सगळ्यांना सांगितलं, "आत्ताच मागवा, करायला फार वेळ लावतात हे लोक." तेव्हा एल्मरने चष्मा पुसला.

सेंट लुई शहरातल्या उंच पोलादी कमानीत मात्र बिंग फुटलं. कमानीच्या पोटातून वर जायला अंड्याच्या आकाराच्या डब्या आहेत, दार इतकं बुटकं की माणसाला वाकून शिरावं लागतं. दार अजून उघडायचंच होतं, आणि वर्ना म्हणाली, "डोकं सांभाळ हं, आत गेल्यावरही लगेच सरळ होऊ नकोस."

एल्मर आत शिरला, लगेच सरळ झाला आणि त्याचं डोकं आपटलं. डबी हलली. गुडघ्याला गुडघा लावून दोघं समोरासमोर. शेजारी टेनेसीचा बर्ल, त्यांच्या बसमधला सगळ्यात बोलका माणूस. तो पहिल्या दिवसापासून एल्मरला नवरदेव म्हणायचा.

"तू इथे आधी आली आहेस," एल्मर डोकं चोळत म्हणाला.

वर्नाने पर्समधून रुमाल काढून त्याच्या हातात दिला.

"हार्लनबरोबर?"

"मग काय पाद्रीबाबांबरोबर येणार होते?"

"आणि न्यूयॉर्कला?"

"तिथेही."

"शिकागो?"

"सगळीकडे, एल्मर. सगळीकडे. वर जाऊन बोलू."

"नवरदेव," बर्ल म्हणाला, "मी इथून उतरून जाऊ शकलो असतो तर गेलो असतो, देवाशप्पथ."

वर पोचल्यावर खिडक्यांतून एका बाजूला मिसिसिपी दिसते आणि दुसऱ्या बाजूला शहर. एल्मर या खिडकीतून त्या खिडकीत जात राहिला. त्याला काही दिसेना. प्रत्येक खिडकीशी हार्लन आधीच ओणवा होऊन उभा होता.

त्या दिवसापासून त्याला चैन पडेना. बस थांबली की सगळ्यांच्या आधी उतरायचा, आणि उतरला की लगेच घड्याळ बघायचा, कधी निघतोय म्हणून. बसमध्ये सतत बूड हलवायचा, पुन्हा पुन्हा उठून वरच्या फळीवरची पिशवी नीट करायचा. त्यांची सहल चालवणारी टेस नावाची मुलगी होती, तिला त्याने इतक्या वेळा विचारलं, "पुढचं गाव कधी?" की ती लांबूनच बोटांनी तास दाखवू लागली. आणि वर्नाला एकच विचारणं.

"हार्लन कुठे उभा राहिला होता?"

"मला आठवत नाही."

"काय म्हणाला तो?"

"एल्मर, तू समोर बघ ना."

माउंट रशमोरला त्या चार दगडी तोंडांपुढे उभं राहून त्याने पुन्हा विचारलं, तेव्हा ती चिडली. "नाकं फार मोठी आहेत म्हणाला! झालं समाधान? मग त्याची दाढ दुखायला लागली आणि आम्ही औषधाचं दुकान शोधत फिरलो. ही तोंडं मी पुरती पाहिलीही नाहीत. आता बघू दे."

एल्मर वर बघू लागला. ज्या चित्राकडे तो इतकी वर्षं दुकानातून बघत आला होता, ते समोर होतं. पण त्याला एकच दिसलं: नाकं खरंच मोठी होती. हार्लनचं बरोबर होतं. तो तडक बसमध्ये जाऊन बसला.

वायोमिंगमध्ये बिगहॉर्नचे डोंगर उतरून आलं की एक लहानसं गाव लागतं. एक पेट्रोल पंप, एक खानावळ, एक मोटेल, धान्याचं उंच कोठार. बस जेवायला थांबली. पुढचा मुक्काम यलोस्टोनच्या राष्ट्रीय उद्यानात. वर्नाने हॅम्बर्गर अर्धवट टाकला. ती कधी नव्हे एवढी खुशीत होती.

"उद्या ओल्ड फेथफुल," ती म्हणाली. "ते गरम पाण्याचं कारंजं. वेळेवर उडतं म्हणतात."

"म्हणतात कशाला? तू पाहिलंयस."

"नाही पाहिलं."

एल्मरचा विश्वास बसला नाही. त्याला वाटलं, ही आपली समजूत काढते आहे, आणि त्यामुळे तो आणखीच बिथरला. बाहेर येऊन तो टेसला म्हणाला, "माझी बॅग खाली काढा."

"का हो मिस्टर थोरसन? बरं नाही का?"

"मी इथेच राहतो. या गावात काही बघण्यासारखं नाही ना? मग मला हेच गाव बघायचंय."

वर्ना पायरीवर उभी होती. "काय चाललंय तुझं?"

"इथे हार्लन उतरला होता?"

"इथे कोण उतरतंय!"

"मग इथेच उतरू. तू नि मी. इथे तरी फक्त आपण दोघं असू."

सगळी बस खिडक्यांना चिकटली होती. वर्नाने खालचा ओठ दाताखाली धरला. मग ती म्हणाली, आणि हे ती जोरात म्हणाली हे तीही कबूल करते, "ऐक एल्मर. मागच्या वेळी यलोस्टोनला हार्लनचं पोट बिघडलं. मी दोन दिवस खोलीत बसून त्याला सूप पाजलं. खिडकीतून लोक कारंज्याकडे जाताना दिसायचे, परत येताना दिसायचे. एका नवऱ्याच्या पोटापायी माझं ते राहिलं. दुसऱ्याच्या डोक्यापायी राहू द्यायची नाही मी."

"म्हणजे तू जाणार?"

"तू येतोस का?"

"नाही."

"मग रात्री गोळ्या घ्यायला विसरू नकोस," असं म्हणून ती आत गेली.

बस सुटली. एल्मरला वाटलं होतं, ती कोठारापर्यंत जाऊन थांबेल. ती थांबली नाही.

तो मोटेलमध्ये बॅग टाकून बाहेर पडला. गाव एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालला, परत आला, पुन्हा चालला. कोठाराच्या सावलीत एक कुत्रं झोपलं होतं. त्याने एकदा डोळा उघडून पाहिलं आणि मिटला. इथे हार्लन नव्हता हे खरं. पण इथे वर्नाही नव्हती. सूर्य अजून बराच वर होता आणि करायला काहीही नव्हतं. आईच्या माडीवर रविवारची दुपार अशीच असायची, असं त्याच्या मनात आलं. तो खानावळीत गेला. यलोस्टोनला कोणी जाणारं आहे का, असं त्याने भेटेल त्याला विचारलं. सकाळी तिथल्या हॉटेलच्या धुतलेल्या चादरी घेऊन रोबर्टा जाते, असं कळलं.

रोबर्टा दांडगी बाई होती. तिने त्याला पहाटे ट्रकमध्ये घेतलं.

"बायकोने टाकलं की तू बायकोला टाकलंस?" तिने विचारलं. गावाला सगळं कळलेलं होतं.

"मीच उतरलो."

"आणि आता?"

"आता जायचंय."

"पुरुषांचं बरं असतं बाई. आधी उतरायचं, मग धावत सुटायचं." ती हसली. "थर्मासमध्ये कॉफी आहे. पाय हलवू नकोस सारखे, सीट हलते नि माझी मान दुखते."

त्याने पाय धरून ठेवले. झाडी आली, नदी आली, रस्त्यात म्हशींएवढे केसाळ बायसन आडवे आले आणि ट्रक थांबला. एल्मर खिडकीबाहेर मान काढून त्यांच्यावर ओरडला. रोबर्टा म्हणाली, अशाने ते लवकर हलत नाहीत, पण ओरड, तुला बरं वाटेल.

ओल्ड फेथफुलपाशी बाकांची अर्धगोल रांग आहे. हवेला सडक्या अंड्याचा वास. वर्ना मधल्या बाकावर बसली होती, मांडीवर पाकिटात सँडविच. शेजारी बर्ल.

"आला बघा नवरदेव," बर्ल म्हणाला, आणि पहिल्यांदाच शहाण्यासारखा उठून दूर गेला.

"आलास?" वर्ना म्हणाली.

"आलो."

"जेवलास?"

"नाही."

तिने अर्धं सँडविच दिलं. तो उभ्यानेच खाऊ लागला.

"पाहिलंस?" त्याने विचारलं.

"तीनदा."

"तीनदा?"

"पहिल्यांदा माझ्यासाठी. दुसऱ्यांदा बर्लच्या आग्रहाखातर. तिसऱ्यांदा तू येशील असं वाटलं म्हणून. आता पुन्हा उडायची वेळ होतेय. बस."

तो बसला, उठला, कठड्यापर्यंत जाऊन परत आला.

"एक विचारू?"

"हार्लनचं असेल तर शेवटचं विचार."

"तो आज जिवंत असता तर?"

"तर मी त्याच्याबरोबर असते," वर्ना म्हणाली. "आणि तू तुझ्या दुकानात. हा काय प्रश्न झाला?"

एल्मर मला म्हणाला, सेंट लुईपासून तो या एका उत्तराला भीत होता. हेच उत्तर येणार हे त्याला माहीत होतं. आलं तेव्हा लागलं, चांगलंच लागलं. पण त्याच वेळी बाजूची एक बाई पोराला टोपी घालत होती, बर्ल कुणाला तरी विनोद सांगत होता, आणि हातातलं सँडविच संपायचं होतं. त्याने ते संपवलं.

"गोड बोलून तुला फसवू का मी?" वर्ना म्हणाली. "चाळीस वर्षं केली मी त्याच्याबरोबर. ती कुठे टाकू? पण तिकिटं दिलीस तेव्हाच तुला सांगायला हवं होतं, ते चुकलं माझं. तुझं तोंड बघून जीभ उचलली नाही."

"कसं होतं माझं तोंड?"

"आत्ता आहे तसं नव्हतं."

तो बसला. जमिनीतून आधी नुसतं फुसफुसलं. थोडं पाणी उसळलं आणि खाली पडलं, लोक हसले. मग एकदम पांढरा खांब वर गेला, आणखी वर गेला, वाऱ्याने वाफ बाकांवर आणली आणि एल्मरचा चष्मा धुरकट झाला. त्याने तो काढला, पण पुसला नाही. उघड्या डोळ्यांनी, अंधुक, पाणी खाली बसेपर्यंत तो बघत राहिला.

"टेसला विचार," तो मग म्हणाला, "पुढच्या वेळेपर्यंत थांबता येईल का."

थांबता आलं नाही. बस सॉल्ट लेक सिटीला निघाली. एल्मर तिथेही सगळ्यांच्या आधी उतरला आणि चालत सुटला. ते त्याच्या अंगातच आहे, आता जाणार नाही. हार्लनचं नाव मधूनमधून निघायचं, पण आता वर्नाच काढायची, आणि एल्मर कधी हं म्हणायचा, कधी नुसताच खिडकीबाहेर बघायचा. एकदा रात्रीच्या जेवणाला तो रुसला, तेही खरं आहे.

सॅन फ्रान्सिस्कोला पोचले तेव्हा पुलावर धुकं इतकं दाट होतं की तांबड्या तारा काही हातांवर गेल्या की नाहीशा व्हायच्या. खालचं पाणी ऐकू येत होतं, दिसत नव्हतं. बसमधले अर्धे लोक गारठून परत फिरले.

"मागच्या वेळी ऊन होतं," वर्ना म्हणाली. "सगळं दिसलं होतं."

"असेल," एल्मर म्हणाला. "मला हेही चालेल." आणि कॉलर वर करून तो पुढे निघाला.

"एल्मर! हळू चाल रे. माझे गुडघे काही नवे नाहीत."

तो धुक्यातून परत आला. तिचा हात आपल्या कोटाच्या खिशात घालून घेतला आणि तिच्या चालीने चालू लागला. पहिली काही पावलं त्याला ते फार कठीण गेलं, असं तो सांगतो. वर्ना म्हणते, अजूनही जातं.