आठ म्हणेपर्यंत

भट्टीवाल्याने राख ओढून काढली, ओल्या पोत्याने भट्टीचा तळ पुसला आणि उजवा हात कोपरापर्यंत आत घातला.

"एक... दोन... तीन..."

आठ म्हणेपर्यंत हात आत टिकला की भट्टी पावाला तयार. आधीच ओढावा लागला तर अजून निवायची आहे. तीस वर्षं त्याचा हा अंदाज चुकला नव्हता. लेकीने हौसेने दारावर तापमानाचा काटा बसवला होता, पण त्याकडे तो ढुंकूनही बघत नसे.

"लोखंडाचं काय ऐकायचं? दार उघडलं की निवलं, लावलं की तापलं," तो म्हणे. "वीट तापायला वेळ लावते, पण एकदा तापली की रुसलेल्या जावयासारखी मनात धरून बसते."

ते खरंही होतं. तरी परवाची खेप खालून करपली. कालचीही. परवाचं खापर त्याने लाकडांवर फोडलं, कालचं पिठावर. आज इस्पितळाचे दोनशे पाव होते. हेही करपले तर भट्टी पाडून विजेचा ओव्हन आणेन, असं लेकीने तोंडावर सांगितलं होतं.

"सात... आठ!" त्याने ऐटीत हात बाहेर काढला. "चल, आण पाव."

लेक हलली नाही. त्याच्या मनगटावरचे केस जळून आखडले होते आणि त्याला पत्ताच नव्हता.

"बाबा, डावा घाला."

"डावा कशाला? मी काय डावखुरा आहे?"

"घाला तरी."

चार महिन्यांच्या आजारपणानंतर तो परवाच भट्टीवर परतला होता. उजव्या हाताची पकड परत आली होती, पण गरम-गार कळत नव्हतं. त्याने हे डॉक्टरांनाही सांगितलं नव्हतं. आठ म्हणायचं आणि हात काढायचा, एवढंच चाललं होतं. त्याने मुकाट्याने डावा हात आत घातला.

"एक... दोन... तीन... आई गं!"

हात झटकत तो मागे सरला आणि चक्क हसायला लागला. बऱ्याच दिवसांनी भट्टीने त्याला चटका दिला होता.

"कधी कळलं तुला?"

"काल. आठला हात काढलात, पण तोंड वाकडं केलं नाहीत."

"मग बोलायचं नाही?"

"तुम्ही सांगाल म्हणून थांबले."

पाऊण तास दोघं भट्टी निवण्याची वाट बघत बसले. मग त्याने तिलाच हात घालायला लावला. सहाला तिने तोंड वाकडं करून हात ओढला. एकच पाव आत सारून पाहिला, तो खालून छान तांबूस निघाला.

"तुझं माप सहा," तो म्हणाला. "लक्षात ठेव."

त्याने लांब दांड्याचं फावडं तिच्या हाती दिलं. ती भराभर पाव आत सारू लागली. शेवटचा पाव गेल्यावर त्याने हळूच विचारलं,

"आणि तो ओव्हन?"

"आधी दार लावा, बाबा. ऊब जातेय."