आपांसाठी वेगळे मोदक

मित्रांनो, कल्हई उडालेला, झाकण सैल झालेला पितळी डबा म्हणजे मी. माळ्यावर गळक्या बादलीशेजारी बसून असतो. इकडे कोणी फिरकत नाही, म्हणून तुम्ही दिसताच बोलावेसे वाटले.

पुण्याच्या तांबट आळीत ठोके खाऊन मी घडलो. कालिंदीबाईंच्या रुखवतात मिरवलो. पुढे त्यांच्या यजमानांची, मनोहररावांची, कलकत्त्याला बदली झाली आणि सदुसष्ट साली मी बालीगंजच्या या घरात आलो. साहेब दिवसभर कचेरीत. बाईंना बंगाली येईना, हिंदी बेताची. त्यांच्याशी धीराने बोलणारी बाई एकच, समोरच्या दारच्या मेहरुन्निसा आपा. निवृत्त शिक्षिका, एकट्याच राहायच्या.

दुपारी दोघी जिन्यात बसून भाजी निवडत. बाई आपांकडचा चहा घेत नसत, कारण त्या घरात मटण शिजे. आपांनी कधी आग्रह केला नाही. माझी मात्र येजा चाले. इकडून चिवडा जाई, तिकडून खजूर येई. गणपतीत उकडीचे मोदक जात. "बहुत अच्छे थे," आपा म्हणत, आणि बाई दिवसभर खुशीत असत.

तिसऱ्या वर्षी दूधवाल्याने घोटाळा केला. "माईजी, आपके मोदक तो आपा हर साल हमको दे देती हैं. बडे मीठे!" झाले! बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. मला हातात घेऊन त्यांनी समोरची कडी वाजवली.

"आपा, झूठ कायको बोला?"

आपांचा चेहरा उतरला. "मूर्ती के आगे रखी चीज मैं नहीं खा सकती, बहन. मेरा ईमान है. कहती तो तुम्हारा दिल दुखता. झूठ बोला, वो मेरी गलती."

"प्रसाद को कोई ना बोलता है?"

"तुम मेरी चाय को ना बोलती हो. मैंने कभी बुरा माना?"

बाई तरातरा परतल्या आणि मी फडताळात गेलो. वर्षभर तिथेच होतो. समोरचे दार वाजले की बाईंचा हात थांबे. दोघी चुकून एकाच वेळी बाहेर आल्या तर खाली माना घालून आत जात. दुपारी बाई भाजी निवडताना स्वतःशीच पुटपुटत. मला रडता येत नाही, पण वाईट वाटते हो.

पुन्हा गणपती आले. बाईंपुढे मोठाच पेच. नैवेद्याआधी मोदक कुणाला देता येत नाहीत आणि नैवेद्यानंतर आपा खाणार नाहीत.

"तसेच दे की," मनोहरराव म्हणाले. "नैवेद्य दाखवला नाही म्हणून सांग. त्यांना काय कळणार आहे?"

"मला कळेल ना!" बाई म्हणाल्या.

दीड दिवसाच्या गणपतीचे विसर्जन झाले. दुसऱ्या दिवशी बाईंनी नवा नारळ फोडला, उकड काढली आणि अकरा मोदक माझ्यात भरले. समोरचे दार उघडताच त्यांनी मला पुढे केले.

"आपा, ये देव के सामने नहीं रखा. सिर्फ तुम्हारे लिए किया. प्रसाद को ना नहीं बोलना, ये मेरे को अभी भी लगता है. लेकिन ये खाओ."

"और मुझे अब भी लगता है कि मेरी चाय में कोई खराबी नहीं," आपा हसल्या. बिस्मिल्ला म्हणून त्यांनी दारातच मोदक तोंडात टाकला. तूप हनुवटीवर ओघळले. दोघींचे डोळे भरून आले होते. चहा बाईंनी त्यानंतरही कधी घेतला नाही, पण दर वर्षी विसर्जनानंतर आपांचे वेगळे मोदक माझ्यातून जात राहिले.

चौऱ्याहत्तरच्या थंडीत आपा गेल्या. पुढच्या गणपतीत, विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी, बाईंनी मला घासूनपुसून ओट्यावर ठेवले. मग मोदक न भरताच माळ्यावर ठेवून दिले.

समोर आता घोषाल राहतात. माणसे भली आहेत. नैवेद्याचे मोदक स्टीलच्या ताटलीतून जातात, ते आनंदाने खातात आणि ताटली परत देतात. कोणी नाही म्हणत नाही. जिन्यात बसत मात्र कोणी नाही.

मित्रांनो, तुमच्या हातचे कोणी प्रामाणिकपणे नको म्हणाले, तर रागावा हवे तर. पण वर्षभर दार लावून घेऊ नका. आमचे ते एक वर्ष वाया गेले. आपांपाशी पुढे फार थोडी वर्षे उरली होती, हे आम्हाला कुठे ठाऊक होते?