पोस्टरवरची केसर

नागावच्या केसरला सगळा तालुका ओळखायला लागला, तो ती हरली त्या दिवसापासून.

पनवेलच्या खुल्या बॉक्सिंग स्पर्धेत, उपांत्य फेरीत, माणगावकडच्या प्राप्तीनं तिला चांगलंच बदडलं होतं. नाक सुजून लालबुंद झालेलं. रिंगमधून उतरल्या उतरल्या कुणीतरी मोबाइल समोर धरून विचारलं, "आता कसं वाटतंय?"

"मला काय विचारता? नाकाला विचारा," केसर म्हणाली. "पण त्या पोरीचे हात बघितलेत ना? असा मार खायलासुद्धा नशीब लागतं!" आणि ती जी हसत सुटली ती थांबेचना.

तो व्हिडिओ बघता बघता किनाऱ्यावरच्या सगळ्या फोनांत पोचला. प्राप्तीनं त्याच संध्याकाळी सुवर्णपदक जिंकलं. तिच्याही समोर मोबाइल आला होता. ती खाली मान घालून "बरं वाटलं" एवढंच म्हणाली. ते कुणी पाहिलं नाही.

पुढे जिल्ह्यातल्या मुली बॉक्सिंगकडे याव्यात म्हणून नागावच्या मैदानावर सामने भरवायचं ठरलं. जाहिरातीसाठी आयोजकांनी केसरचा फोटो घेतला. मांडव्याला बोटीतून उतरलं की समोर ती दिसायची, हातमोजे उगारून, सगळे दात दाखवत. खाली मोठ्या अक्षरांत 'रायगडची शान'. तिचे वडील, अण्णा, समुद्रावर फिरायला येऊन घरी उतरलेल्या पाहुण्यांना नाश्ता वाढता वाढता पोरीच्या ठोशांची वर्णनं सांगायचे. बेकरीवाला खारीचे पैसे घेईना. केसरला हे सगळं आवडत होतं, अगदी मनापासून.

मग एकदा ती जेट्टीवर मैत्रिणीला सोडायला गेली असताना एका बाईनं तिला ओळखलं. बरोबरच्या मुलीला पुढे ढकलत ती म्हणाली, "बघ, ही आपल्या जिल्ह्यातली एक नंबर बॉक्सर. हात मिळव." मुलीनं हात पुढे केला. केसर 'एक नंबर मी नाही' म्हणणार होती, पण मुलगी अशी डोळे मोठे करून बघत होती की तिनं नुसता हात मिळवला. परत येताना रस्ताभर तिला ते खुपत राहिलं. ती तशीच सदासरांकडे गेली. पोरींना बॉक्सिंग शिकवणारे सदासर तेव्हा नारळाच्या झाडाला बांधलेली सरावाची पिशवी शिवत होते.

"सर, नागावला माझ्यासमोर कोण आहे?"

"अलिबागची एक नवी मुलगी. तुला जड जाणार नाही."

"प्राप्तीला बोलवा."

सरांनी सुई बाजूला ठेवली. "केसर, गाव तुझं, पोस्टर तुझं. सगळ्यांसमोर मार खायचाय?"

"खाईनच असं कशावरून? आणि खाल्ला तर एक नंबर कोण ते तरी लोकांना दिसेल."

सरांनी खिशातून फोन काढला.

सामन्याच्या आदल्या दुपारी प्राप्ती एसटीनं आली. बरोबर तिची आई, बायजा. भाताची कापणी नुकतीच उरकली होती म्हणून लेकीबरोबर निघालेली. अण्णांनी दोघींना आपल्याच घरी उतरवलं. चहा झाल्यावर केसर प्राप्तीला घरामागच्या वाडीत घेऊन गेली. दोघी सुपारीच्या झाडांखाली उभ्या राहिल्या.

"फोटो भारी आलाय तुझा," प्राप्ती म्हणाली.

"तिथं तू पाहिजे होतीस."

"मला न्हाय जमत. माइक बघितला की जीभच उचलत न्हाय." तिनं खाली पडलेली एक सुपारी उचलली. "पण खरं सांगू? आमच्या गावात मलाच विचारतात, तू त्या केसरला वळखतेस का गं? मी म्हणते, वळखते. तिला हरवलंय, हे सांगायचं राहूनच जातं."

केसरला हसू आलं आणि लाजही वाटली. "उद्या सांग," ती म्हणाली. "पण मीही सोडणार नाही हां."

"सोडू नकोस," प्राप्ती म्हणाली, आणि पहिल्यांदाच हसली.

दुसऱ्या दिवशी मैदान भरून गेलं. आयाबाया, शाळेची पोरं, सुट्टीला आलेले पाहुणे. जो तो केसरच्या नावानं ओरडत होता. पहिल्या फेरीत केसर सुसाट सुटली. डावा हात, पुन्हा डावा, मग उजवा. प्राप्ती मागे सरत राहिली. अण्णा खुर्चीवर उभे राहून नाचू लागले.

दुसऱ्या फेरीत प्राप्ती मागे सरायची थांबली. केसरनं उजवा हात टाकला, तेवढ्यात प्राप्ती खाली वाकली आणि तिचा डावा ठोसा केसरच्या बरगडीखाली बसला. केसर गुडघ्यावर आली. श्वासच घेता येईना. रेफ्री आकडे मोजू लागला. अण्णा खुर्चीवरून खाली उतरले.

केसर उठली. तिसऱ्या फेरीत तिनं आणखी मार खाल्ला, पण एक सुरेख ठोसा प्राप्तीच्या कपाळावर दिलाही. घंटा झाली तेव्हा दोघी एकमेकींच्या खांद्यावर मान टाकून धापा टाकत होत्या. रेफ्रीनं प्राप्तीचा हात वर केला.

टाळ्या तुरळकच पडल्या. मागून कुणीतरी ओरडलं, "रेफ्रीला चष्मा द्या!"

केसरनं हातमोजे काढले आणि एका आयोजकाच्या हातातून माइक घेतला. "कोण बोललं ते? काका, चष्मा तुम्हीच लावा, आता परत दाखवते." लोक हसले. "ती दुसऱ्या फेरीतली गंमत कुणाला कळली? मलाही कळली नव्हती. प्राप्ती, ये. हळूहळू कर. आणि खरंच हळू कर, पोट अजून दुखतंय!"

प्राप्ती अवघडून पुढे आली. केसरनं संथपणे उजवा हात पुढे केला. प्राप्ती तितकीच संथ खाली गेली, पाय वळला, कंबर वळली, आणि मूठ केसरच्या बरगडीशी येऊन थांबली.

"थांब, तुला कसं कळलं मी उजवाच मारणार?" केसरनं विचारलं आणि माइक तिच्या तोंडाशी धरला.

"तू मारायच्या आधी टाच उचलतेस," प्राप्ती म्हणाली.

"काय?"

"व्हय. दर वेळेला उचलतेस. पनवेललाही उचललीस. आणि माणूस हाताकडं बघतो, पण ठोसा पायातून येतो, हे बघा…" असं म्हणत प्राप्तीनं लोकांकडे तोंड केलं, पाय कसा रोवायचा, वजन कुठून कुठं न्यायचं ते दाखवू लागली, आणि बोलतच राहिली. भात झोडपताना कंबर फिरते तसं, असं तिनं म्हटल्यावर बायकांत खसखस पिकली. पुढे बसलेली पोरं उठून टाचा उचलून बघायला लागली. केसर ती वाकेल तशी वाकून तिच्यासमोर माइक धरून होती.

प्राप्ती थांबली तेव्हा उठलेल्या टाळ्या थेट समुद्रापर्यंत गेल्या असतील. बायजा अण्णांना म्हणाली, "एवढं तर ही जन्मात बोलली न्हाय हो!" आणि पदरानं डोळे पुसत हसू लागली. अण्णांनी तिला कलिंगडाची फोड दिली, दुसरी स्वतः घेतली, आणि भोवतीच्या पाहुण्यांना ती टाचेची गोष्ट हातवारे करून पहिल्यापासून सांगायला घेतली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मायलेकी बॅग घेऊन निघाल्या, तर फाटकाशी पंधरावीस मुली उभ्या. काही आयांसोबत, एक चक्क आजीसोबत.

"प्राप्तीताई, तो बरगडीखालचा शिकवा ना."

"अगं, बस हाय माझी."

"दुपारची पण आहे," केसर म्हणाली.

प्राप्तीनं आईकडे पाहिलं. बायजानं बॅग ओट्यावर ठेवली आणि बॅगेशेजारी ऐसपैस बसली. मग सगळा घोळका किनाऱ्याकडे निघाला. ओहोटी लागली होती, ओली वाळू घट्ट होती. प्राप्तीनं मुलींना रांगेत उभं केलं आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "आधी पाय. केसर, तू पण. रांगेत ये."